छत्तिसावा आठवडा

१

ब्रेकबाईंच्या मोटार शिकवण्याच्या शाळेत पहिल्या दिवशी कुणालाही गाडीत बसायला मिळत नसे. शिकणारा मोठा साहेब असो की कुणाची नवी सून, बाई आधी त्याला चाकाशी उकिडवं बसवत.

"काय दिसतंय?"

"टायर."

"टायर मलाही दिसतोय. त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा."

टायरच्या कडेवर अक्षरांची एक लांब ओळ असते आणि तिच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे. पहिले दोन आकडे टायर कितव्या आठवड्यात तयार झाला ते सांगतात, पुढचे दोन वर्ष सांगतात. "टायर वय चोरत नाही," बाई म्हणत, "चोरतो तो विकणारा. जुन्या टायरला तापल्या सुरीनं खाचा पाडतात, काळं पॉलिश फासतात आणि नवा म्हणून तुमच्या गळ्यात बांधतात. तेव्हा आकडे वाचल्याशिवाय चाक लावू द्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी गाडीत. "ब्रेकवरून पाय कधी काढायचा?"

"गाडी थांबल्यावर."

"चूक. गाडी थांबली याची खात्री झाल्यावर. थांबल्यासारखं वाटणं वेगळं आणि थांबणं वेगळं."

आणि तिसरा धडा फोनचा. चालवताना फोन वाजला तर वाजू द्यायचा, मग तो बापाचा का असेना. "आणि आईचा?" बाईंच्या लेकीनं शिकताना विचारलं होतं. "आईचा तर मुळीच उचलायचा नाही," बाई म्हणाल्या होत्या.

शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. सव्वीस वर्षं तो दाबून दाबून बाईंच्या पायाला खोड लागली होती. कुणाच्याही गाडीत शेजारी बसल्या की वळणावर त्यांचा उजवा पाय रिकाम्या जमिनीवर दाबला जायचा. घरात त्याला 'आईचा रिकामा ब्रेक' म्हणत आणि पोट धरून हसत.

लेकीला सगळे भिंगरी म्हणत. तिनं स्वतःच्या पगारातून एक जुनी गाडी घेतली. लाल, बुटकी, दोन दारांची, बसलं की रस्ता पार्श्वभागाला लागतोय असं वाटावं अशी. नवी नोकरी डोंगरापलीकडच्या गावात होती, घाट चढून-उतरून सव्वा तास. गाडीच्या टायरांना सात वर्षं झाली होती आणि त्यांच्या कडा टाचेसारख्या भेगाळल्या होत्या.

"रुंद घेऊ," भिंगरी म्हणाली. "मऊ रबराचे. वळणाला चिकटतात."

"चिकटायला तू काय पाल आहेस? कंपनीनं दिलंय त्याच मापाचे आणि पावसाला खोल खाचा असलेले घ्यायचे. गाडी रस्त्याला फक्त चार तळहातांएवढी टेकते, भिंगरे. त्या चार तळहातांवर तू बसणार आहेस. तिथं मला शोभा नको."

"आई, गाडी माझी आहे."

"आणि तू माझी आहेस. विषय संपला."

२

टायरवाला बाईंच्या ओळखीचाच होता. शाळेची पांढरी गाडी वर्षानुवर्षं त्याच्याकडे येत होती. ती आणि भिंगरीची लाल एकाच कंपनीच्या, एकाच सांगाड्यावर बांधलेल्या. एक नटवी बहीण, एक साधी बहीण. चाकाचं माप दोघींचं एकच.

चार टायर चढले. बाईंनी पदर खोचला, गुडघा टेकला आणि एकेक वाचायला घेतला. पुढचा उजवा, अठरावा आठवडा, चालू वर्ष. मागचे दोन्ही तेच. पुढच्या डाव्यापाशी त्या थांबल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"हा छत्तिसाव्या आठवड्याचा आहे," त्या म्हणाल्या.

"बरं मग? ताजा आहे," टायरवाला म्हणाला.

"आज तेहतिसावा चालू आहे."

टायरवाल्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, जणू ते साक्ष देणार होतं. मग दात काढले. "ताजा म्हणजे किती ताजा बघा! तुमचा-आमचा छत्तीसचा आकडा बाई, तो आता टायरवरसुद्धा उमटला."

"दात आत घाला. तीन आठवड्यांनी तयार होणारा टायर आज माझ्या लेकीच्या गाडीला लावताय तुम्ही. कुठल्या उकिरड्यावरचा आहे? आकडे कुणी कोरले?"

"छापखान्याची चूक असेल हो. टायर बघा की, कोरा आहे!"

कोरा नव्हता. नव्या टायरला अंगभर रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघताना राहिलेले. बाकी तिघांना होते. याच्या बाहेरच्या खांद्यावर एकही नव्हता. बाईंनी तळवा टेकला. दुकान सावलीत होतं आणि बाहेर ढग भरून आले होते, तरी टायर कोमट होता, लांबून चालून आल्यासारखा.

टायर उतरवायला लावून बाई स्वतः गोदामात शिरल्या. टायरवाला "अहो, तिथं गिऱ्हाईक जात नाही" म्हणत मागे. बाईंनी ढिगातला एकेक टायर फिरवून पाहिला. सगळे अठराव्याचे. त्यातून एक निवडला, केस चाचपले, पर्समधल्या खडूनं त्याच्यावर ठसठशीत फुली मारली आणि तो स्वतः ढकलत बाहेर आणला. दुकानातल्या जुन्या मिस्त्रींनी तो त्यांच्या डोळ्यांदेखत रिंगवर चढवला, हवा भरली, चाक लावलं. बाईंनी पापणी लवू दिली नव्हती. निदान तसं त्यांना वाटत होतं.

मग त्या वाकल्या. खडूची फुली होती. फुलीच्या खाली, चौकटीत, छत्तीस.

मिस्त्रींनीही वाकून आकडे वाचले. कोपऱ्यात कॉम्प्रेसर धापा टाकत होता.

"बाई," मिस्त्री हळूच म्हणाले, "मी बदलला नाही. मी कशाला बदलू?"

"मग मी काय आंधळी आहे? गोदामात अठरा होतं!"

"असेल ना. पण..." त्यांनी हात पँटला पुसले, पुन्हा पुसले. "चढवताना गरम लागला."

बाईंचा आवाज समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेला. कसाई, चोर, दिवसाढवळ्या माणसं मारणारा, काही शिल्लक ठेवलं नाही. डाव्या चाकाला जुनाच भेगाळलेला टायर परत चढवून घेतला आणि निघताना त्या म्हणाल्या, "पुन्हा तुमच्या दुकानाची पायरी चढले तर नाव बदलीन. आणि तो टायर कुणाच्याही गाडीला लागता कामा नये, सांगून ठेवते."

"नाही हो लावत," टायरवाला म्हणाला. विकणारा माणूस ज्या चपळाईनं 'नाही' म्हणतो, त्याच चपळाईनं.

३

गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसरं दुकान होतं, दुसऱ्या कंपनीचा माल होता आणि नक्षीही वेगळी होती. बाईंनी फक्त पुढचा डावा मागितला, दारात उभं राहून वाचला आणि अठरा बघून लावायला दिला. लावल्यावर छत्तीस. तिथंही भांडण झालं. दुकानदारानं उलट विचारलं, "मावशी, तुम्ही डोळे तपासलेत का?" बाईंनी रस्त्यावरच्या दोन माणसांना हाताला धरून आणलं आणि आकडे वाचायला लावले. दोघांनीही छत्तीसच वाचले आणि एवढ्यासाठी थांबवलं म्हणून ते चिडून निघून गेले. बाईंनी तोही टायर उतरवून जुनाच परत चढवून घेतला.

तर्क सोडायचा नाही, हे बाईंनी ठरवलं होतं. भूतबीत सगळं चोरांच्या पथ्यावर पडतं, असं त्यांचं स्पष्ट मत. साचा चुकला असेल. दोन्ही कंपन्यांचा माल एकाच कारखान्यातून येत असेल. पण गोदामात अठरा आणि चाकावर छत्तीस, हे कुठल्या साच्यात बसवायचं?

त्यांनी पहिल्या कंपनीला फोन लावला. तिथल्या यंत्रानं तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे म्हणत त्यांना चाळीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एक तरुण आवाज म्हणाला, "मॅडम, लेखी पाठवा." त्यांनी लेखी पाठवली, फोटो जोडला. आठ दिवसांनी उत्तर आलं. खाली सही, वर शिक्का, सगळं कसं रीतसर:

'आपण नमूद केलेला छत्तिसावा आठवडा अद्याप आलेला नसल्याने त्या आठवड्यातील उत्पादनाबाबत तक्रार नोंदवता येत नाही. कृपया त्यानंतर संपर्क साधावा.'

बाईंनी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा तळपायाची आग मस्तकाला गेली. तिसऱ्यांदा 'त्यानंतर' या शब्दावर डोळे अडकले आणि त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

४

छत्तिसाव्या आठवड्यात लाल गाडी हलणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

"वेडी झालीस का तू?" भिंगरी ताटावरून उठली. "एका आकड्यासाठी? जुन्या टायरवर जाते मी, जा!"

"भेगा पडलेल्या टायरवर? घाटात?"

"नव्यावर आकडा चुकीचा, जुन्यावर भेगा. मग काय उडत जाऊ?"

"बसनं जा. एक आठवडा."

"तू शिकाऊ लोकांना घाबरव, आई. मी शिकून झालेय."

"अगं, आठवडाभराचा तर प्रश्न आहे," भिंगरीचे बाबा म्हणाले. ते ग्रंथालयात होते, घरातही त्याच आवाजात बोलत. बाईंना त्यांचा राग आला, कारण ते त्यांच्याच बाजूनं बोलत होते आणि तरी समजूत घातल्यासारखं बोलत होते.

रविवारी बाईंनी तळघरातल्या पार्किंगमध्ये लाल गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे रचले आणि चारही चाकं काढून शाळेच्या खोलीत कुलपात घातली. किल्ली पाकिटात ठेवली. आता छत्तीस म्हण नाहीतर छप्पन्न.

त्या रविवारआधीच्या दिवसांत एक गोष्ट झाली, ती त्यांना तेव्हा मोठी वाटली नाही. शाळेच्या पांढऱ्या गाडीचे पुढचे टायर बदलायची पाळी आली होती. टायरवाल्याशी वर्षाचं ठरलेलं होतं, पण पायरी चढायची नाही म्हणून बाईंनी नवऱ्याला धाडलं. सव्वीस वर्षांत शाळेचं चाक त्यांच्या डोळ्यांआड बदललं गेलं, ते पहिल्यांदाच. संध्याकाळी त्यांनी पाहिलं. उजवा अठराव्या आठवड्याचा. डाव्याची आकड्यांची बाजू आत गेलेली. तसं लावतात कधीकधी, टायर कसाही बसतो.

"आळशी मेले," बाई म्हणाल्या. आकडे बघायला गाडीखाली निजावं लागलं असतं. गुडघा दुखत होता, शिकाऊ ताटकळला होता. उद्या जॅक लावून बघू, असं म्हणून त्या आत बसल्या आणि ते राहूनच गेलं.

५

सोमवारी भिंगरी बसनं गेली आणि बसनंच परत आली. आईशी बोलली नाही.

मंगळवारी बाई तळघरात उतरल्या. तिथं वरच्या पाइपातून पाणी ठिबकत असे आणि भिंतीला ओल होती. चाकं नसलेली गाडी दात काढलेल्या तोंडासारखी दिसत होती. चाक काढलं की आतली ब्रेकची लोखंडी चकती उघडी पडते. अशा हवेत ती रात्रीतून तांबूस होते, दोन दिवसांत गंजाचा थर चढतो. मागच्या दोन्ही तांबड्या झाल्या होत्या, पुढची उजवीही.

पुढची डावी लख्ख होती. आरशासारखी. नुकताच कुणीतरी ब्रेक मारल्यासारखी.

बाईंनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"कोण आहे?" त्या ओरडल्या. "कोण खेळतंय माझ्या गाडीशी?" आवाज खांबांना आपटून परत आला. पहारेकरी खाली आला तर त्याच्यावरच घसरल्या. तो म्हणाला, "बाई, चाकं नसलेल्या गाडीशी कोण काय खेळणार?" खरं होतं. खऱ्याचाच तर राग येत होता.

बुधवारीही तेच. उजवीचा गंज जाड झाला होता, डावी चमकत होती. गुरुवारी त्या चकतीसमोर डबा उपडा घालून तासभर बसल्या. काही झालं नाही. फक्त एकदा, वरच्या रस्त्यावरून पाण्यातून गाडी गेल्याचा आवाज आला, ओल्या डांबरावर टायरचा येतो तो लांब फाटल्यासारखा आवाज. आला आणि ओसरला नाही. तसाच चालू राहिला, थोडा वेळ, एकाच जागी. मग चढावर गिअर बदलावा तसा बदलला आणि थांबला.

बाईंनी मान वर केली नाही. आवाज वरून आला नव्हता, हे त्यांना कळलं होतं.

६

शुक्रवारी शाळेला सुट्टी असे. सकाळपासून पाऊस लागला होता. बाई भिंगरीबरोबर बसथांब्यावर गेल्या. नको म्हटलं तरी गेल्या. बस आली आणि बाई बसच्या पुढच्या चाकाशी गुडघा टेकून बसल्या.

"आई, ऊठ," भिंगरी दात-ओठ खात म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. हा टायर गुळगुळीत झालाय. ओ चालक! खाली उतरा!"

"मावशी, बाजूला व्हा, वेळ झाली."

"वेळ माणसांची होईल, ह्या टायरवर नेलंत तर! खाचा आहेत का बघा, टक्कल पडलंय तुमच्यासारखं!"

प्रवासी हसले, मग चिडले. चालकानं भोंगा दाबला. बाई चाकापुढून हलेनात. पाचव्या मिनिटाला त्यांना दोघांनी धरून बाजूला केलं आणि बस निघून गेली, तेव्हा भिंगरी फुटपाथवर उभी होती, भिजलेली, लाल डोळ्यांची. पुढची बस दोन तासांनी.

"झालं समाधान?" एवढंच म्हणून ती घराकडे वळली.

बाई मात्र थांब्यावरच्या कचेरीत शिरल्या. बरोबर असताना मागे हटणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तक्रारवही मागितली, ती नाही म्हटल्यावर कोरा कागद मागितला आणि पाऊण तास उभ्यानं लिहून काढलं. सगळं खरं होतं, शब्दन् शब्द.

घरी आल्या तर भिंगरीचे बाबा एकटेच चहा घेत होते.

"पोरगी कुठाय?"

"गेली. अर्धा तास झाला असेल."

"कशानं गेली?"

"शाळेच्या गाडीनं. मीच दिली किल्ली. सुट्टीच होती, आणि फार रडत होती गं." मग बायकोचा चेहरा बघून म्हणाले, "पांढरीला काय झालंय? तिचे तर नवे टायर आहेत."

बाईंनी दुकानात फोन लावला. मिस्त्रींनी उचलला.

"मिस्त्री, एकच सांगा. मी परत केलेला टायर कुठाय?"

पलीकडे कॉम्प्रेसर धापा टाकत होता.

"मी नको म्हणत होतो, बाई. शेठ म्हणाले, परत आलेला माल ठेवून काय लोणचं घालायचंय? माप एकच आहे, बाईंच्याच गाडीला जाऊ दे, म्हणजे हिशेब फिटला."

"कुठल्या चाकाला?"

"पुढं, डावीकडं. तुमची खडूची फुली पुसून लावला. आकडे आत ठेवले, तुम्ही चिडाल म्हणून."

बाई चिडल्या नाहीत. चिडायला आत काही उरलंच नव्हतं. त्यांनी भिंगरीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. स्टिअरिंगवर असताना फोन उचलायचा नाही. पोरगी गुणाची होती, शिकवलेलं विसरत नव्हती.

७

जिना उतरताना त्यांच्या हातात पाना होता. लाल गाडीला चाकं चढवायची, घाट गाठायचा, एवढंच डोक्यात होतं. चाकं शाळेच्या खोलीत आहेत, खोली दोन गल्ल्या पलीकडे आहे, हे तळघरात पोचल्यावर आठवलं. त्यांनी पाना भिंतीवर फेकून मारला. टायरवाल्याला शिवी दिली, त्या बासरीला दिली, शिक्का मारणाऱ्याला दिली आणि सगळ्यात घाणेरडी स्वतःला.

तेवढ्यात तो आवाज आला. ओल्या डांबराचा. लाल गाडीतून.

पुढच्या डाव्या बाजूची रिकामी चकती फिरत होती. भरभर फिरत होती, इतकी की ती स्थिर वाटावी.

पर्स जमिनीवर टाकून बाईंनी दार उघडलं आणि बसल्या. स्टिअरिंगसमोर नाही. शेजारी, सव्वीस वर्षं बसत आल्या तिथं. का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. दार लागताच आवाज चहूकडून आला. टपावर पाऊस वाजत होता, तळघरात. पुढच्या काचेतून भिंत दिसत होती, ओलसर, करडी, नेहमीची. मग भिंतीवरची ओल हलली. तिच्यात एक पांढरी रेघ उमटली, आणि ती रेघ डावीकडे वळली, फार लवकर वळली, वळणापलीकडे कठडा जिथं असायला हवा होता तिथं काहीच नव्हतं.

बाईंचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला.

जमीन दबली. पायाखाली पेडल होतं, खाचांच्या रबराचं, ओळखीचं, शाळेच्या गाडीतलं. या गाडीत ते कधीच नव्हतं. डावीकडून लोखंडावर लोखंड घासल्याची किंकाळी निघाली, जळक्या रबराचा वास आला, ठोकळे करकरले. बाईंनी पाठ सीटला रोवली आणि सगळं वजन त्या एका पायात घातलं.

"थांब," त्या दातांतून म्हणाल्या. "थांब गं, थांब, थांब."

मग सगळं शांत झालं. काचेपलीकडे भिंत होती. नुसती भिंत.

पर्समध्ये फोन वाजू लागला.

दाराबाहेर, हातभर अंतरावर. स्क्रीनचा उजेड पर्सच्या चेनमधून दिसत होता, नाव दिसत नव्हतं. भिंगरी असेल. किंवा भिंगरीच्या फोनवरून दुसरं कुणी असेल. दार उघडून वाकलं की झालं. पण वाकायचं तर पाय उचलावा लागणार होता.

पेडल अजून पायाखाली होतं. आणि त्याच्या खाली, अगदी खोल, काहीतरी अजून ओढत होतं, उतारावर हलक्या हातानं धरलेल्या गाडीसारखं.

थांबल्यासारखं वाटणं वेगळं. थांबणं वेगळं.

फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजायला लागला. बाईंच्या पोटरीत गोळा आला. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा खाली दाबून धरला आणि भिंतीवरची नजर हलवली नाही.